भिंतीवरचा एक कागद : ‘डिव्होशन’ या तैवानी गेमचे प्रकरण

व्हिडिओ गेमच्या कथेत राजकारण असावे की नसावे, हा वाद आता जुना झाला आहे आणि त्या ढोबळ रूपात तो फारसा उपयोगाचाही राहिलेला नाही. राजकीय आशय कथेत नेमका कुठे बसला आहे, तो जाणीवपूर्वक मांडला आहे का आणि खेळाडू खवळले तर ‘हे आमचे आहे’ म्हणून त्यामागे उभे राहणारे कोणी आहे का, हे प्रश्न अधिक कामाचे आहेत. तैपेईच्या ‘रेड कँडल गेम्स’ या छोट्या स्टुडिओने २०१९ मध्ये आणलेल्या ‘डिव्होशन’ या गेमच्या बाबतीत हे तिन्ही प्रश्न एकाच आठवड्यात उभे राहिले, म्हणून हे प्रकरण येथे अभ्यासासाठी घेतले आहे. संस्थांची नावे सार्वजनिक नोंदीतली असल्याने ठेवली आहेत; त्यांत काम करणाऱ्या व्यक्तींची आणि खेळाडूंची नावे गाळली आहेत.

पार्श्वभूमी

रेड कँडलचा पहिला गेम ‘डिटेन्शन’ जानेवारी २०१७ मध्ये आला. त्याची कथा १९६० च्या दशकातील तैवानमध्ये, लष्करी कायद्याच्या काळात घडते. हा कायदा तैवानवर १९४९ पासून १९८७ पर्यंत लागू होता आणि त्या अडतीस वर्षांत केवळ बंदी घातलेले पुस्तक वाचले म्हणून माणसे तुरुंगात गेली, काहींना गोळ्या घातल्या गेल्या. गेममध्ये डोंगरातल्या एका शाळेत काही शिक्षक आणि विद्यार्थी चोरून वाचनमंडळ चालवतात आणि एका विद्यार्थिनीच्या चुगलीमुळे ते सगळे पकडले जातात. खेळाडू ज्या मुलीला हाताळत असतो, तीच ही चुगली करणारी मुलगी आहे, हे त्याला हळूहळू उमगत जाते. गेम उघडपणे राजकीय होता. सत्ता सामान्य माणसाला खबऱ्या कशी बनवते, हा त्याचा विषयच होता. त्यावर पुढे चित्रपट आणि मालिका निघाली आणि स्टुडिओचे नाव झाले.

‘डिव्होशन’ हा त्यानंतरचा गेम १९ फेब्रुवारी २०१९ रोजी स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानात आला. तो घडतो १९८० च्या दशकातील तैपेईमधल्या एका जुन्या इमारतीतील घरात. नायक पटकथालेखक आहे आणि त्याचे काम आटत चालले आहे. पत्नी एके काळची प्रसिद्ध गायिका, पण लग्नानंतर पडद्यापासून दूर गेलेली. लहान मुलगी दूरदर्शनवरील गाण्याच्या स्पर्धेत भाग घेते आणि मग तिला श्वास कोंडण्याचे झटके येऊ लागतात. खेळाडू त्याच घरात १९८०, १९८५ आणि १९८६ या तीन काळांत फिरतो; तीच भिंत, तेच स्वयंपाकघर, पण सामान बदललेले, देव्हारा मोठा होत गेलेला आणि मुलीने घडी घालून केलेली कागदी ट्युलिपची फुले इथेतिथे पडलेली. आजार मनाचा असू शकतो, हे वडिलांना मान्य होत नाही. ते एका गुरूच्या नादी लागतात, नवस बोलतात, पैसा ओततात आणि अखेरीस नवस फेडण्याच्या विधीत मुलीला मद्याने भरलेल्या टबात ठेवतात. मुलगी वाचत नाही.

व्यापक अर्थाने ही कथासुद्धा राजकीयच म्हणता येईल, कारण कर्त्या पुरुषाचा मान, मानसिक आजाराची लाज आणि श्रद्धेचा बाजार हे तिचे विषय आहेत. नवससायासांच्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला त्यातले बरेच काही समजावून सांगावे लागणार नाही. परंतु चीन, तैवान आणि त्यांच्यातील संबंध यांच्याशी या कथेचा काहीही संबंध नव्हता.

खेळाडूंचा पहिला प्रतिसाद भरभरून होता. स्टीमवरील शेरे जवळजवळ सगळे चांगले होते. ते लिहिणाऱ्यांत चीनमधील खेळाडूंची संख्या मोठी होती आणि तिथल्या अनेक स्ट्रीमरनी गेम थेट खेळून दाखवला होता. चीनमध्ये परदेशी गेम अधिकृतपणे विकायला सरकारी परवाना लागतो. मात्र स्टीमचे आंतरराष्ट्रीय दुकान त्या काळी तेथून उघडता येत होते आणि ‘डिव्होशन’सारखे गेम त्या फटीतून तिथल्या खेळाडूंपर्यंत पोचत होते. चीनमधील ‘इंडिव्हेंट’ हा प्रकाशक स्टुडिओचा भागीदार होता. ही फट किती अरुंद आहे, हे पुढच्या दोन दिवसांत दिसले.

समस्या

२१ फेब्रुवारीला काही खेळाडूंच्या लक्षात आले की, घराच्या भिंतीवर चिकटवलेल्या एका मंतरलेल्या कागदावर लाल शिक्का आहे आणि त्यातील अक्षरे प्राचीन वळणाची असली तरी वाचता येतात. ताओ परंपरेत असे कागद संकट टाळण्यासाठी दारावर किंवा भिंतीवर लावतात, त्यामुळे त्या घरात तो कागद अगदी स्वाभाविक दिसत होता. शिक्क्यातील अक्षरे लावल्यावर मात्र चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांचे नाव आणि त्यापुढे ‘विनी द पू’ असे शब्द निघाले. शी यांची तुलना या गुबगुबीत अस्वलाशी करणारी चित्रे २०१३ पासून इंटरनेटवर फिरत होती आणि चीनमध्ये ती वारंवार काढून टाकली जात होती. त्याच कागदावरची आणखी काही अक्षरे तैवानी बोलीत उच्चारली तर आईवरून दिलेल्या शिवीसारखी ऐकू येत होती.

स्टुडिओने त्याच दिवशी अपडेट देऊन तो कागद बदलला आणि नव्या कागदावर नववर्षाच्या शुभेच्छा आल्या. सोबत खुलासाही दिला : कामाच्या सुरुवातीच्या टप्प्यात तात्पुरती चित्रे भरताना इंटरनेटवर चालणारे शब्द वापरले गेले होते, ते नंतर बदलायचे होते, पण फायलींच्या निरनिराळ्या आवृत्त्या जुळवताना हे एक चित्र तसेच राहून गेले. हे स्टुडिओचे मत नाही, असेही त्यात म्हटले होते.

हा खुलासा तांत्रिकदृष्ट्या पूर्णपणे शक्य कोटीतला आहे. गेम बनवणाऱ्या कोणत्याही लहान गटात शेकडो चित्रे तात्पुरती म्हणून भरली जातात आणि थट्टामस्करीचा मजकूर त्यात हमखास असतो. प्रकाशनाच्या गडबडीत त्यांतील एखादे निसटणे नवीन नाही. पण खेळाडूंना हे पटले नाही, आणि का पटले नाही ते नीट पाहणे आवश्यक आहे.

खेळाडूंचा प्रतिसाद : एक लाट, अनेक तक्रारी

काही तासांत स्टीमवर नकारात्मक शेऱ्यांचा भडिमार सुरू झाला आणि काही दिवसांत गेमचे एकूण मत अत्यंत चांगल्यावरून बहुतांशी वाईटावर घसरले. बाहेरून पाहणाऱ्यांनी याला सरसकट ‘राष्ट्रवादी खेळाडूंचा हल्ला’ म्हटले. माझ्या मते ते वर्णन अपुरे आहे. त्या लाटेत किमान तीन वेगवेगळ्या तक्रारी मिसळल्या होत्या.

पहिली तक्रार देशाच्या नेत्याचा आणि पर्यायाने देशाचा अपमान झाल्याची होती. ती सर्वांत मोठ्याने बोलली गेली, म्हणून तीच सर्वांच्या लक्षात राहिली.

दुसरी तक्रार फसवणुकीची होती. तिचे म्हणणे असे की, आम्ही ज्या गेमसाठी पैसे मोजले आणि जो चारचौघांत वाखाणला, त्यात आम्हालाच हिणवणारा मजकूर लपवून ठेवला होता. मजकूर उघड असता तर विकत घ्यायचे की नाही हे आम्ही ठरवले असते. या तक्रारीला ‘राष्ट्रवाद’ म्हणून बाजूला सारता येत नाही. ‘डिटेन्शन’चा आशय पहिल्या दृश्यापासून उघड होता आणि तो स्वीकारायचा की नाही हे खेळाडूच्या हाती होते. ‘डिव्होशन’मधला कागद मात्र कथेच्या मागे होता आणि ज्याला ती जुनी अक्षरे वाचता येतील त्यालाच तो कळणार होता.

तिसरी तक्रार सर्वांत कमी बोलली गेली, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती भीतीची होती. चीनमधला एखादा स्ट्रीमर हजारो लोकांसमोर ते घर फिरून दाखवतो, कॅमेरा त्या भिंतीवरून जातो आणि नंतर कळते की तिथे काय लिहिले होते. त्याचे खाते, त्याची रोजीरोटी यांवर गदा येऊ शकते. तिथल्या अनेकांनी आपली चित्रणे तातडीने काढून टाकली. अशा माणसाने रागाने लिहिलेल्या शेऱ्यामागे देशप्रेम किती आणि ‘यात माझा हात नाही’ हे जाहीर करण्याची निकड किती, हे बाहेरच्या माणसाला सांगता येणार नाही.

स्टीमवर शेरा देताना अंगठा वर किंवा खाली, एवढेच दोन पर्याय असतात. या तिन्ही तक्रारी त्या एका खाली केलेल्या अंगठ्यात जाऊन बसल्या आणि आकडा एकच दिसला.

दरम्यान खेळाडूंनी घर पुन्हा बारकाईने तपासायला घेतले. वर्तमानपत्राच्या एका कात्रणातला शब्द शी यांच्या आणखी एका टोपणनावाशी जुळतो, अमुक नावाचा उच्चार तमुक शब्दासारखा होतो, अशा अनेक खुणा पुढे आल्या. त्यांतल्या काही विचार करायला लावणाऱ्या होत्या, काही ओढूनताणून लावलेल्या होत्या. एकदा विश्वास उडाल्यावर प्रत्येक फुलदाणीत अर्थ सापडू लागतो. ‘एकच चित्र चुकून राहिले’ या खुलाशाचा पाया याच शोधमोहिमेने खिळखिळा केला.

समोरचे पर्याय

त्या आठवड्यात स्टुडिओपुढे चार वाटा दिसतात. स्टुडिओच्या आतल्या चर्चा सार्वजनिक नाहीत. परिस्थितीने कोणते मार्ग खुले ठेवले होते, एवढेच येथे पाहिले आहे.

कागद बदलायचा, माफी मागायची आणि विक्री चालू ठेवायची, ही पहिली वाट. तिच्यात गेमच्या कथेला लोकांपुढे राहण्याची संधी होती, पण शेऱ्यांचा भडिमार किती दिवस सोसायचा आणि चीनमधल्या भागीदारांचे तोवर काय होणार, याचे उत्तर नव्हते.

दुसरी वाट अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा झेंडा हाती घेण्याची. तैवानमध्ये तिला पाठबळही मिळाले असते. तिथल्या उपपंतप्रधानांनी त्याच दिवसांत सर्जनाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने जाहीरपणे मत मांडले होते. तरीही ही वाट स्टुडिओला प्रामाणिकपणे घेता आली नसती. ‘हे आमचे मत नाही’ असे एकदा सांगितल्यावर त्याच मजकुरासाठी लढायला उभे राहणे शक्य नव्हते, आणि मुळात तो मजकूर कथेच्या कोणत्याच गरजेतून आलेला नव्हता. वाचनमंडळातल्या मुलांसाठी स्टुडिओ छातीठोकपणे उभा राहिला असता. या शिक्क्यासाठी कशाच्या आधारावर उभे राहायचे?

तिसरी वाट फक्त चीनपुरता गेम काढण्याची आणि चौथी तो जगभरातून काढण्याची.

उचललेली पावले

प्रत्यक्षात स्टुडिओने पहिल्या वाटेने सुरुवात केली, २३ फेब्रुवारीच्या सुमारास गेम चीनमधील खेळाडूंना दिसेनासा झाला आणि २५ च्या सुमारास तो जगभरातून काढण्यात आला. चिनी समाजमाध्यमांवरील स्टुडिओचे खाते बंद झाले, गेमचा उल्लेख असलेला मजकूर हटवला गेला आणि इंडिव्हेंटसह भागीदारांनी संबंध तोडले. भागीदारांना या मजकुराची कल्पना नव्हती, हे स्टुडिओने स्पष्ट केले.

जगभरातून गेम काढताना दिलेले निवेदन मला या प्रकरणातील सर्वांत कमकुवत पाऊल वाटते. अनपेक्षितपणे गेम बंद पडण्यासारख्या तांत्रिक अडचणी सोडवण्यासाठी आणि सर्व सामग्री पुन्हा तपासण्यासाठी गेम मागे घेत आहोत, असा त्याचा आशय होता. खेळाडूंमधील ताण कमी व्हावा, हा हेतूही त्यात नमूद होता. तांत्रिक अडचणी खऱ्या असतीलही. पण ज्या क्षणी सगळे जग एका कागदाबद्दल बोलत होते, त्या क्षणी गेम बंद पडण्याचे कारण आधी सांगितल्याने चीनमधल्या खेळाडूंना तो बचाव वाटला आणि चीनबाहेरच्या खेळाडूंना ती शरणागती वाटली. दोन्ही बाजूंच्या लोकांना खरे कारण आपल्यापासून लपवले जाते आहे असे वाटले, आणि लपवाछपवी हीच तर मूळ तक्रारींपैकी एक होती.

परिणाम

जुलै २०१९ मध्ये इंडिव्हेंटचा व्यवसाय परवाना चीनमध्ये रद्द झाल्याचे उघड झाले. तो शिक्का ना त्या प्रकाशकाने काढला होता, ना त्याला ठाऊक होता. स्टुडिओने त्याच महिन्यात पुन्हा क्षमायाचना केली आणि नजीकच्या काळात गेम परत आणणार नसल्याचे सांगितले.

२०२० च्या सुरुवातीला हार्वर्ड विद्यापीठाच्या हार्वर्ड-येनचिंग ग्रंथालयाने स्टुडिओचे दोन्ही गेम आपल्या संग्रहात घेतले. जूनमध्ये केवळ तैवानपुरती मर्यादित डिस्क आवृत्ती निघाली. १६ डिसेंबर २०२० रोजी स्टुडिओने जाहीर केले की, दोनच दिवसांत गेम ‘जीओजी’ या पोलंडमधील दुकानात येईल. काही तासांतच त्या दुकानाने खेळाडूंकडून आलेल्या अनेक संदेशांचा हवाला देऊन आपण तो ठेवणार नसल्याचे कळवले. लगेच दुसऱ्या बाजूच्या खेळाडूंचा संताप त्या दुकानावर कोसळला. कोणत्या खेळाडूंचे, किती आणि काय म्हणणारे संदेश आले होते, हे दुकानाने सांगितले नाही. ‘खेळाडू’ हा शब्द तिथे एका व्यावसायिक निर्णयाला पांघरूण म्हणून वापरला गेला, असे माझे मत आहे.

मार्च २०२१ मध्ये स्टुडिओने स्वतःचे ऑनलाइन दुकान उघडले आणि तिथून ‘डिव्होशन’ पुन्हा विकत मिळू लागला. ‘डिटेन्शन’ मात्र स्टीमवर कायम राहिला. स्टुडिओचा तिसरा गेम ‘नाइन सोल्स’ लोकवर्गणीच्या आधारे उभा राहिला आणि मे २०२४ मध्ये स्टीमवरच प्रसिद्ध झाला.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट कामाच्या टेबलावरची आहे. तात्पुरत्या चित्रात असा कोणताही मजकूर भरू नये, जो चुकून प्रसिद्ध झाला तर आपल्याला मान खाली घालावी लागेल. त्याऐवजी डोळ्यांत खुपणारा गुलाबी चौकोन किंवा ‘बदलायचे आहे’ अशी ठळक पाटी टाकावी, म्हणजे ते चित्र तपासणीत आपोआप नजरेत भरते. ‘डिव्होशन’मधला कागद पार्श्वभूमीत इतका बेमालूम मिसळला होता, की तो तात्पुरता आहे हे तपासणाऱ्यालाही दिसले नसावे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ २०२० मध्ये जगभरातल्या खेळाडूंपुढे ठेवला तेव्हापासून आपल्याकडच्या तरुण गटांनाही हेच बाजार खुले झाले आहेत. मंदिरांच्या भिंती, शिलालेख, पोथ्यांची पाने यांनी आपले गेम भरलेले असणार. त्यामुळे पार्श्वभूमीतल्या प्रत्येक अक्षराची नोंद ठेवून ते वाचू शकणाऱ्या दोन माणसांकडून तपासून घेण्याची शिस्त आपल्याला अधिकच लागेल.

दुसरी गोष्ट खुलाशाची. खेळाडूंनी नव्या खुणा काढायला सुरुवात केली, तेव्हा स्टुडिओने एकेक खूण घेऊन ही मुद्दाम ठेवलेली, ही योगायोगाची, ही चुकीने राहिलेली, असे नावानिशी सांगायला हवे होते. ते अवघड होते, कारण एखादी खूण मुद्दाम असल्याचे कबूल करावे लागले असते. पण सरसकट नकारामुळे सगळ्याच खुणा एकाच संशयात अडकल्या. अपमान वाटलेल्यांची माफी आणि धोक्यात आलेल्या स्ट्रीमर-भागीदारांची माफी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी तात्काळ आणि बिनशर्त द्यावी. पहिलीबाबत स्टुडिओला आपली भूमिका ठरवायला वेळ घेता आला असता.

जगभरातून गेम मागे घेण्याबाबत माझे मन आजही पूर्णपणे एका बाजूला झुकत नाही. भागीदारांवरचे संकट टळण्याची थोडी जरी आशा असेल, तर काही काळ माघार घेणे समजण्यासारखे आहे. फक्त तसे ते शब्दांत सांगायला हवे होते : आमच्या चुकीची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागू नये म्हणून आम्ही गेम थांबवत आहोत. हे कारण दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना निदान कळले तरी असते.

उरतो स्टीमचा प्रश्न. मार्च २०१९ मध्ये, म्हणजे या घटनेनंतर महिन्याभरात, स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने जाहीर केले की, विषयाला सोडून झालेल्या शेऱ्यांचा भडिमार आढळल्यास ते शेरे जागेवर राहतील, पण एकूण गुणांकनात धरले जाणार नाहीत. हा नियम आधी असता तर ‘डिव्होशन’ला लागू व्हायला हवा होता का? कागद भिंतीवर असेपर्यंत लिहिलेला शेरा गेममधल्याच एका वस्तूबद्दल होता आणि तो विषयाला सोडून आहे असे म्हणणे खेळाडूंवर अन्याय करणारे ठरले असते. कागद बदलल्यानंतर, न खेळता केवळ शिक्षा म्हणून लिहिलेले शेरे वेगळे आहेत. मी त्यांतली तारीख पाहिली असती, खेळलेले तास पाहिले असते आणि २१ तारखेच्या अपडेटपूर्वीचे शेरे गुणांकनात जसेच्या तसे ठेवले असते.